भाऊ चुकला तर: मंडळीच्या शिस्तीबद्दल नव्या वडिलांसाठी

वडील म्हणून, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) सांभाळ करणारा पुढारी म्हणून, निवड झाली की भेटीगाठी, उपासनेची आखणी, दानाचा हिशेब ही कामे माणूस बघून बघून शिकतो. शिस्तीचे, म्हणजे पापात पडलेल्या सभासदाला समजावून वळवण्याचे, काम असे बघून शिकता येत नाही, कारण ते नीट झाले असेल तर बहुतेक वेळा कोणाला दिसलेलेच नसते. मग एके दिवशी फोन येतो, "तुम्हाला कळलं का, अमक्याचं काय चाललंय ते?" आणि फोन ठेवल्यावर पुढे काय करायचे, हे कोणी सांगितलेले नसते. हा लेख त्या फोननंतरच्या कामासाठी आहे.

आधी दोन मंडळ्या डोळ्यांपुढे आणा. करिंथच्या मंडळीत एकाने बापाच्या बायकोला ठेवले होते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, तरी शोक करायचा सोडून मंडळी फुगून बसली होती (१ करिंथ ५). दुसरीकडे योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रेफेस. त्याला पहिले स्थान हवे. आलेल्या बंधूंचा तो स्वीकार करत नाही आणि जे करू पाहतात त्यांना मंडळीबाहेर घालवतो. एकीकडे पांघरूण, दुसरीकडे हकालपट्टी. आपण यांपैकी एकाच टोकाला असतो असेही नाही. वर्षानुवर्षे काणाडोळा करायचा आणि मग एका बैठकीत माणसाला बाहेर काढायचे, असे दोन्ही एकाच मंडळीत घडते.

शिस्तीच्या पायऱ्या मत्तय १८:१५-१७ मध्ये आहेत. हे तीन वचनांचे बोलणे अर्ध्या मिनिटात वाचून होते, पण त्याची रचना नीट पाहा. आधी एकट्याने जायचे, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीला कळवायचे, आणि शेवटी त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार (त्या काळी लोक ज्यांना दूर ठेवत ते कर गोळा करणारे) यांच्यासारखा समजायचे. प्रत्येक पायरीवर प्रकरण माहीत असणाऱ्यांची संख्या वाढते, आणि तिथे ती वाढण्याचे एकच कारण दिले आहे: आधीच्या पायरीवर ऐकले गेले नाही. आपल्याला राग आला आहे, लोक विचारू लागले आहेत, वार्षिक सभा जवळ आली आहे, ही कारणे त्या वचनांत नाहीत. शिवाय या उताऱ्याच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे, आणि नंतर पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची. मधल्या तीन वचनांची चौकट तिथे ठरते.

आधी चाळणी लावा

कानावर आलेली प्रत्येक गोष्ट शिस्तीची नसते. पहिला प्रश्न: हे पाप आहे की मतभेद? काय खावे, कोणता दिवस पाळावा, यांवरून भांडणाऱ्यांना पौलाने रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात एकमेकांचा न्याय करू नका असे सांगितले. वडिलांच्या निर्णयावर टीका करणे, पाळकांचा उपदेश न आवडणे, संगीताबद्दल तक्रार करणे ही पापे नाहीत. या कारणांसाठी शिस्तीचा वापर झाला की ती दियत्रेफेसची शिस्त होते. हे ओळखायला सोपी कसोटी आहे. ज्या वचनाचा हा भंग आहे ते वचन उघडून दाखवता येते का? येत नसेल तर तिथेच थांबा.

दुसरा प्रश्न माणसाच्या अवस्थेचा. १ थेस्सलनीका ५:१४ मध्ये पौल तीन प्रकारच्या लोकांशी तीन प्रकारे वागायला सांगतो: जे स्वैर वागतात त्यांना ताकीद द्या, जे खचले आहेत त्यांना धीर द्या, जे दुर्बळ आहेत त्यांना आधार द्या. सहा महिने उपासनेला न आलेली बाई बंडखोर असेल किंवा पार खचलेली असेल. दाराबाहेरून दोन्ही सारखेच दिसते. खचलेल्याला ताकीद देणे ही वडिलांच्या हातून नेहमी होणारी गफलत आहे, म्हणून पहिल्या भेटीत आरोप घेऊन जाऊ नका. कशी आहेस, एवढे विचारायला जा.

तिसरा प्रश्न: तो माणूस मंडळीचा सभासद आहे का? बाहेरच्यांचा न्याय करणे माझ्याकडे आहे काय, असे पौल विचारतो (१ करिंथ ५:१२). गेल्या महिन्यापासून येऊ लागलेल्या, बाप्तिस्मा न झालेल्या तरुणाला सुवार्ता ऐकवायची असते. त्याच्यावर सभासदाची शिस्त लावण्यात अर्थ नाही.

आणि एवढे करूनही बरेचसे उरते ते सोडून देण्याजोगे. कोणी तुसडेपणाने बोलले, कोणी उसने घेतलेले उशिरा परत केले. प्रीती पापांची रास झाकून टाकते, असे पेत्र लिहितो (१ पेत्र ४:८). मग झाकणे कधी बरोबर आणि पांघरूण घालणे कधी? ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतःहून सोडून दिले तर ते झाकणे. नुकसान दुसऱ्याचे, आणि मंडळीचे नाव जाऊ नये म्हणून आपण ते दडवले, तर ते पांघरूण.

गुन्हा असेल तर ही वाट नाही

हे वेगळे काढून लिहायला हवे, कारण याच ठिकाणी मंडळ्यांनी सर्वांत मोठे नुकसान केले आहे. मुलांवरचा अत्याचार, लैंगिक हल्ला, घरातली मारहाण, पैशांचा अपहार यांची गोष्ट समोर आली तर "मत्तय १८ प्रमाणे आधी तू एकटी जाऊन त्याच्याशी बोल" असे पीडित व्यक्तीला कधीही सांगू नका. ते वचन भावाने भावाकडे जाण्याबद्दल आहे. ज्याला घाबरून कोणी दार लावून घेते त्याच्याकडे तिला एकटीने पाठवण्याचा परवाना ते देत नाही. पौलाने करिंथच्या प्रकरणात खासगी पायऱ्यांची वाट पाहिली नाही, हेही लक्षात ठेवा.

इथे क्रम असा. पहिल्यांदा पीडित व्यक्ती सुरक्षित आहे ना ते पाहा. मग देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा नेमलेल्या यंत्रणेला कळवा. मुलांच्या बाबतीत अनेक देशांत कळवणे बंधनकारक आहे, आणि तसे नसले तरी कळवा. वाईट करणाऱ्यासाठी सत्तेच्या हाती तलवार दिली आहे, असे रोमकरांस १३ सांगते, त्यामुळे पोलिसांकडे जाणे हे मंडळीशी गद्दारी ठरत नाही. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये असे पौल म्हणतो खरा (१ करिंथ ६), पण तिथे विषय आपसातल्या देण्याघेण्याच्या वादांचा आहे. मुलाला बसवून वडिलांनी स्वतः उलटतपासणी घेऊ नये. त्याने मुलाला पुन्हा जखम होते आणि पुढची चौकशीही बिघडते. मुलाने आपणहून जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पुढचे जाणत्यांवर सोपवा. आरोप असलेल्याला त्याच दिवसापासून मुलांच्या आणि इतर सेवेतून बाजूला ठेवा. हा दोष ठरवणे झाले नाही, खबरदारी झाली, आणि त्यालाही तसेच सांगा.

"दोन किंवा तीन साक्षीदार नाहीत, म्हणून आम्ही काही करू शकत नाही" हे उत्तर ऐकू येते. साक्षीदारांचा नियम अनुवाद १९:१५ चा आहे. त्याच अध्यायात दोनतीन वचनांनंतर न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी असे आहे. चार भिंतींआड झालेल्या गोष्टीला बघणारे दोघे कुठून मिळणार? संदेश, नोंदी, वैद्यकीय तपासणी, तसाच अनुभव सांगणारी दुसरी व्यक्ती, हाही पुरावाच आहे. तो तपासणे हे चौकशी यंत्रणेचे काम आहे, आणि त्यांना ते करू देणे हे आपले.

मंडळीची शिस्त यानंतर चालतेच, कारण शिक्षा भोगणे आणि पश्चात्ताप करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पण ती कायद्याच्या मागे चालते. कायद्याऐवजी कधीच नाही. आणि पीडित व्यक्तीकडून अमुक तारखेपर्यंत क्षमा वसूल करणे हे कोणत्याही पायरीवर बसत नाही.

पहिली पायरी: एकट्याने

खरी शिस्त बहुतेक इथेच होते आणि इथेच संपते. म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा.

तुमच्याकडे कोणी तक्रार घेऊन आले तर पहिला प्रश्न एकच: "तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" वरच्यासारखा गुन्ह्याचा किंवा भीतीचा प्रश्न नसेल, तर तक्रार तिथेच परत करा. हवे तर कसे बोलावे याची तयारी करून घ्या, सोबत प्रार्थना करा, पण त्यांच्या वतीने जाऊ नका. लेवीय १९:१७ सांगते की भावाचा मनात द्वेष करू नको, त्याचा दोष त्याला दाखव. न बोलता मनात धरून ठेवणे हीदेखील तिथे चूकच आहे.

जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ पाहा. हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावरून आपण सहज घसरत पुढे जातो. प्रत्यक्षात विचारायचे असे: या माणसाचा मला आधीपासून राग आहे का? तो पडला तर माझा काही फायदा आहे का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर दुसऱ्या कोणाला जाऊ द्या.

भेट समोरासमोर हवी. मोबाइलवर लिहून पाठवलेला बोध पुढे कोणाकोणाकडे जातो ते आपल्या हातात राहत नाही, आणि लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. उपासना सुटल्यावर दारात गाठू नका. त्याच्या घरी मुले झोपल्यावर, किंवा फिरायला जाताना बरे. स्त्री आणि पुरुष असा प्रसंग असेल तर आपल्या जोडीदाराला किंवा दुसऱ्या एखाद्या परिपक्व व्यक्तीला शेजारच्या खोलीत असू द्या.

बोलताना सुरुवात प्रश्नाने करा. "मी असं ऐकलं. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे." नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचे पाप दाखवायला गेला तेव्हा त्याने आधी आरोप वाचून दाखवला नाही. एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजालाच निवाडा करू दिला. आपल्याला गोष्टी रचायच्या नाहीत, पण माणसाला स्वतः बोलायची जागा मात्र द्यायची आहे. जे पाहिले तेवढेच बोला. "तुम्ही नेहमी असंच करता", "सगळे म्हणतात" ही वाक्ये घरी ठेवून जा. "सगळे" म्हणजे कोण, असे त्याने विचारले की तुमच्याकडे उत्तर नसते, आणि मग मूळ मुद्दा बाजूला राहून त्यावरच वाद रंगतो.

तो नाकारेल. चिडेल. तुमच्याच एखाद्या जुन्या चुकीची आठवण करून देईल. यातले काहीही "न ऐकणे" म्हणून लगेच लिहून टाकू नका. घाव लागल्यावर माणूस आधी हात झटकतो, ऐकायला त्याला आठवडा लागतो. पुन्हा जा. किती वेळा जायचे याचा आकडा वचनात नाही, आणि तो नाही हेच बरे. दारूची सवय असलेल्याला वर्षभर भेटत राहावे लागेल. घर सोडून दुसरीकडे संसार थाटलेल्याच्या बाबतीत, घरी वाट पाहणाऱ्या बायकोमुलांकडे बघता, इतके थांबता येणार नाही.

प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाची शिकवण अपुरी आहे असे पाहिले, तेव्हा त्यांनी त्याला भर सभेत न टोकता आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). ही पहिल्या पायरीची बायबलमधली सर्वांत सुंदर नोंद आहे, असे माझे मत. तो पुढे अखयात गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याची फार मदत झाली.

त्याने ऐकले तर प्रकरण संपले. संपले म्हणजे संपले: पाळकांना अहवाल नाही, घरी नवऱ्याला किंवा बायकोला सांगणे नाही. विशेषतः प्रार्थनेच्या नावाने सांगणे नाही. "नाव सांगत नाही, पण आपल्या एका बंधूंसाठी प्रार्थना करा, घरात मोठी परीक्षा आहे" असा एक संदेश समूहावर पडला की संध्याकाळपर्यंत नाव सगळ्यांना ठाऊक होते आणि ध चा मा झालेला असतो. प्रार्थना करायची तर देवाला नाव ठाऊक आहे, आपण समूहावर टाकायची गरज नाही.

दुसरी पायरी: एकदोघांना घेऊन

ऐकले गेले नाही, तर एकदोघांना बरोबर घ्या. कोणाला घ्यायचे, इथे घाई नको. आपली बाजू घेणारे दोन मित्र नेले की ती धमकी होते. ज्याच्याकडे जायचे आहे त्याचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे लोक शोधा. त्याला आधी विचारले तरी चालेल, "कोण आले तर तुम्हाला बरं वाटेल?" या दोघांचे काम तुमच्या तक्रारीवर शिक्का मारणे नाही. पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत, असे नीतिसूत्रे १८:१७ सांगते. दोघांनी दोन्ही बाजू ऐकून "चूक तक्रार करणाऱ्याची आहे" असे म्हटले तर तेही मान्य करण्याची तयारी ठेवूनच निघा.

इथून पुढे नोंद ठेवा. तारीख, कोण होते, काय विचारले, काय उत्तर मिळाले, पुढे काय ठरले. पाहिलेले एका बाजूला आणि तर्क दुसऱ्या बाजूला. "तो पश्चात्ताप करत नाही" हा तर्क आहे. "त्याने सांगितले की तो त्या घरी राहणे सोडणार नाही" ही नोंद आहे. वर्षभराने कोणी विचारले तर दुसरे वाक्य टिकते.

तिसरी पायरी: मंडळीला कळवणे

हे कोणी आणि कसे करायचे ते तुमच्या परंपरेवर अवलंबून आहे. काही मंडळ्यांत सभासदांची सभा निर्णय घेते, काहींत वडिलांचे मंडळ, काहींत बिशप. कॅथोलिक चर्चच्या कायद्यातही, बंधुत्वाने समजावणे आणि इतर पाळकीय उपाय पुरेसे ठरत नाहीत तेव्हाच शिक्षेची कारवाई, असा क्रम आहे. आपल्या मंडळीची घटना काढून वाचा आणि तिच्याबाहेर एक पाऊलही टाकू नका. घटनेत याबद्दल काहीच नसेल, तर प्रकरण नसतानाच ते लिहून सभासदांपुढे ठेवा. प्रकरण सुरू झाल्यावर केलेला नियम त्या माणसाला स्वतःविरुद्धच केलेला वाटतो, आणि त्याचे ते वाटणे चुकीचे नसते.

समजावणे आणि सभासदत्व काढून घेणे यांच्या मध्ये जागा आहे. १७व्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात (प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात ते विश्वासाचे निवेदन) तीन टप्पे दिले आहेत: ताकीद, काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवणे, आणि शेवटी मंडळीबाहेर करणे. मधला टप्पा आपल्याकडे अनेकदा विसरला जातो. उपदेश, गायन, संडे स्कूल, हिशेब या जबाबदाऱ्यांतून काही काळ मोकळे करणे, आणि गरज पडल्यास प्रभुभोजनापासून थांबवणे, यांत माणूस मंडळीतच राहतो आणि बाब गंभीर आहे हेही त्याला कळते.

मंडळीला सांगायची वेळ आलीच तर त्या व्यक्तीला आधी कळवा: कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत सांगणार आहोत. शक्य तर तो मजकूर तिला वाचून दाखवा. फक्त सभासदांची सभा बोलवा. पाहुणे नकोत, लहान मुले नकोत, थेट प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंग बंद. मजकूर लिहून आणा आणि तेवढाच वाचा. साधारण असा:

"आपले बंधू अमुक यांच्याशी गेले काही महिने आम्ही विवाहातील विश्वासाच्या एका गंभीर बाबीबद्दल बोलत आहोत. त्यांनी मागे फिरण्याची तयारी अजून दाखवलेली नाही. जे त्यांना जवळून ओळखतात त्यांनी त्यांना प्रेमाने विनवावे आणि सर्वांनी प्रार्थना करावी. त्यांच्या घरच्यांना प्रश्न विचारू नयेत. तपशील आम्ही सांगणार नाही."

पाप कोणत्या प्रकारचे, एवढे सांगणे भाग आहे. नाहीतर मंडळीने डोळे झाकून आपल्या मागे यावे असे आपण म्हणतो, आणि कल्पना सत्याहून भयंकर होतात. दुसरी व्यक्ती कोण, कुठे, कधी, हे मात्र सांगायचे नाही. आणि उपदेशातून टोमणा मारून कळवणे, म्हणजे सगळ्यांनी एकाच बाकाकडे बघावे अशी योजना करणे, हा भ्याडपणा आहे.

मंडळीला कळवण्याचा हेतू अधिक तोंडांनी विनवणी व्हावी हा आहे. म्हणून सांगितल्यावर लगेच मतदान घेऊ नका. मध्ये काही आठवडे जाऊ द्या, लोकांना त्याच्याकडे जाऊ द्या.

चौथी पायरी: सभासदत्व काढून घेणे

याचा अर्थ: नाव सभासदांच्या यादीत नाही, प्रभुभोजन नाही, पद नाही, सभेत मत नाही. मंडळी एवढेच म्हणते की हा माणूस विश्वासाने चालत आहे अशी साक्ष आम्ही आज देऊ शकत नाही. त्याचे तारण झाले आहे की नाही हे ठरवायला आपल्याला नेमलेले नाही.

वाळीत टाकणे मात्र यात बसत नाही. त्याच्या दुकानातून घेऊ नका, त्याच्याकडच्या मौतीला जाऊ नका, बायकोने त्याच्याशी बोलू नये, असे हुकूम सोडण्याचा अधिकार मंडळीला नाही. त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे सभासदत्व जसेच्या तसे राहते, आणि त्या दिवसांत त्यांच्या घरी जास्त जायचे असते. कोणाच्या सुरक्षिततेला धोका नसेल तर तो उपासनेला येऊन बसू शकतो. वचन ऐकण्याची गरज त्याला आता अधिकच आहे.

"अशाबरोबर जेवूही नका" हे १ करिंथ ५:११ मधले वाक्य किती दूर ताणायचे यावर ख्रिस्ती लोकांत जुना वाद आहे. १६९३ मध्ये याकोब अम्मान आणि त्यांच्या बरोबरचे लोक इतर अॅनाबाप्टिस्टांपासून (प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथापासून) वेगळे झाले, आजचे आमिश लोक त्या शाखेचे, आणि त्या फुटीत बहिष्कृत माणसाशी व्यवहार किती तोडायचा हा मोठा मुद्दा होता. मी स्वतः हे वाक्य पौलाच्याच दुसऱ्या वाक्याशेजारी ठेवून वाचतो: त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून समजवा (२ थेस्सलनीका ३:१५). काहीच घडले नाही अशा थाटात गप्पांची मैफल बसू नये, पण समजावायचे तर भेटावे लागतेच. आणि "जकातदारासारखा समज" म्हणणारा येशू जकातदारांच्या पंक्तीला बसून जेवला होता.

मध्येच त्याने राजीनामा दिला तर? सभासदत्व हे स्वखुशीचे असते, म्हणून राजीनामा स्वीकारा आणि जाहीर कारवाई तिथे थांबवा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अशाच एका प्रकरणात फरक केला: सभासद असताना मंडळीने केलेल्या शिस्तीत न्यायालय पडणार नाही, पण सभासदत्व सोडल्यानंतर केलेल्या कृतींना ते संरक्षण नाही. इतर देशांचे कायदे वेगळे असतील, बदनामीचा कायदा मात्र बहुतेक ठिकाणी आहे. सभासदांना "त्यांनी सभासदत्व सोडले आहे" एवढेच कळवा.

आरोप वडिलांवर किंवा पाळकांवर असेल तर

१ तीमथ्य ५:१९-२१ पूर्ण वाचा. पहिले वचन सगळ्यांना आवडते: दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय वडिलावर आरोप घेऊ नको. त्यापुढचे वचन, जे पाप करत राहतात त्यांचा सर्वांसमोर दोष दाखव, आणि त्यापुढचे, पक्षपाताने काही करू नको, ही दोन अर्ध्यात सोडून दिली जातात. पदावरच्या माणसाला खोट्या आरोपापासून संरक्षण आहे, खऱ्या आरोपापासून नाही. चौकशी होईपर्यंत त्यांनी रजेवर जावे, त्यांचे नातेवाईक आणि जिवलग निर्णयात नसावेत, आणि शक्य असेल तर बाहेरच्या मंडळीतले लोक चौकशीला बोलवावेत. सर्वांत वाईट तडजोड म्हणजे गुपचूप राजीनामा घेऊन, चांगले शिफारसपत्र देऊन त्यांना दुसऱ्या मंडळीकडे धाडणे. आपला त्रास गेला, तिथली माणसे अडकली.

परत येणे

मंडळ्यांना जाण्याची पद्धत ठाऊक असते, परत येण्याची नसते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (२:५-११) पौल अशाच एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी लिहितो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. उशीर केला तर सैतान आपल्यावर मात करील, असेही तो बजावतो. म्हणजे वेळेवर शिस्त न लावणे ही जशी चूक, तशी वेळेवर ती न उठवणे हीही.

पश्चात्ताप ओळखायचा कसा? रडण्यावरून नाही. काही जण लगेच रडतात आणि तसेच चालू ठेवतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतच नाही. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट देतो म्हटले. तिथे कृती आहे. तो पापाला त्याच्या नावाने हाक मारतो का? "पण तिनेही..." हे वाक्य थांबले का? ज्याचे नुकसान केले त्याला भरून द्यायला निघाला का? परिणाम मुकाट्याने स्वीकारतो, की "मी माफी मागितली, आता सगळं पूर्वीसारखं करा" म्हणतो?

किती काळ थांबायचे, यावर आरंभीची मंडळी फार भांडली. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट देकियुसच्या छळात अनेकांनी विश्वास नाकारला, आणि छळ ओसरल्यावर ते परत आले तेव्हा रोममधल्या नोवाटियन या मंडळीच्या पुढाऱ्याने त्यांना घ्यायला नकार दिला. मुख्य मंडळीने त्याचे ऐकले नाही. ३२५च्या नायसियाच्या परिषदेने (बिशपांच्या मोठ्या सभेने) पुढच्या एका छळात बळजबरी नसतानाही विश्वास सोडलेल्यांसाठी वाट आखली (नियम ११): तीन वर्षे फक्त वचन ऐकणाऱ्यांच्या गटात, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांच्या गटात, दोन वर्षे प्रभुभोजनाशिवाय फक्त प्रार्थनेत सहभाग. एकूण बारा वर्षे! आज ते क्रूर वाटेल, पण त्यांनी दार बंद केले नव्हते. पुढच्याच नियमात ज्यांचा पश्चात्ताप देखाव्याचा नसून कृतीत दिसतो त्यांच्याशी बिशपाने अधिक सौम्यपणे वागावे असे आहे, आणि तेराव्या नियमानुसार मरणाच्या दारी असलेल्याला प्रभुभोजन नाकारायचे नाही.

परत घेताना प्रकरण जितक्या लोकांसमोर गेले तितक्याच लोकांसमोर घ्या. सभेत नाव वाचून काढले आणि नंतर चुपचाप यादीत टाकले, तर निम्म्या लोकांच्या मनात तो बाहेरच राहतो. त्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसेल हे आधी ठरवून ठेवा. सहभागिता परत मिळणे आणि पद परत मिळणे या मात्र वेगवेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा मिळालेला खजिनदार लगेच दानपेटीच्या चाव्यांचा हक्कदार होत नाही, आणि मुलांशी गैरवर्तन केलेला माणूस मुलांच्या सेवेत कधीच परत येत नाही, त्याचा पश्चात्ताप कितीही खरा असो.

तो दुसऱ्या मंडळीत गेला, तर तिथल्या पाळकांनी विचारल्यावर खरे सांगा, आणि आपल्याकडे कोणी दुसरीकडून शिस्तीखाली आला तर आपणही विचारा. नायसियाच्या पाचव्या नियमात एका ठिकाणी बहिष्कृत झालेल्याला दुसऱ्यांनी घेऊ नये असे आहे. पण त्याच नियमात वर्षातून दोनदा बिशपांनी एकत्र जमून ही शिक्षा कोणा बिशपाच्या कोत्या मनामुळे किंवा भांडखोरपणामुळे तर झाली नाही ना, हे तपासावे असेही आहे. म्हणून अपिलाची सोय ठेवा. आपल्या निर्णयाविरुद्ध कोणाकडे दाद मागायची ते त्या व्यक्तीला निर्णयाच्या पत्रातच नाव आणि मुदतीसह लिहून द्या.

प्रकरण मिटल्यावर नोंदी एका बंद पाकिटात ठेवा. ते कोण उघडू शकेल आणि किती वर्षांनी नष्ट करायचे, हे समितीच्या ठरावात लिहा. जिथे कायद्याची चौकशी झाली आहे तिथे काहीही नष्ट करण्याआधी वकिलाला विचारा.